शेगडी घरीच ठेवा!

नवरा निवृत्त झाला, की सत्काराची शाल घडी होऊन कपाटात जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता घरात प्रश्न उभा राहतो, आता ह्यांचं काय करायचं? पेपर दोनदा वाचून होतो. मग स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहणं सुरू होतं. "जिरं इतकं कशाला आणलं?" ही चौकशी आयुष्यात पहिल्यांदा होते. अशा वेळी "आपण दोघं जरा फिरून येऊ" असं त्यांच्या मनात आलं, तर मैत्रिणींनो, त्याला नाट लावू नका. फक्त बेत काय आहे ते नीट ऐकून घ्या. त्या बेतात कधीकधी एक शेगडी दडलेली असते.

आमच्या इथे परतवाड्यात समोरच एक काका-काकू राहतात. काका सदुसष्ट वर्षांचे, काकू बासष्टच्या. काकांचा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्यानं निवृत्त झाल्यावर एक भली मोठी मोटार घेतली. मोटार कसली, चालतं घरच ते. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रीज, मोरी, संडास सगळं. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. मुक्कामाच्या जागी वीज आणि नळ जोडून मिळतो, आणि संडासाची टाकी मात्र ठरलेल्या ठिकाणी आपल्या हातानं रिकामी करावी लागते. (हे भाच्यानं सांगितलं तेव्हा काका जरा गप्प झाले.) ही मंडळी मोठी शहरं टाळून लहान लहान गावांतून हिंडतात. तिकडे रूट ६६ नावाचा एक प्रसिद्ध रस्ता होता. १९२६ साली सुरू झाला, शेकडो गावं त्याच्यावर जगली. पुढे रुंद महामार्ग झाले, वाहनं तिकडून पळू लागली, आणि १९८५ साली तो रस्ता सरकारी यादीतूनच निघाला. गावं ओस पडली. आता निवृत्त लोक मुद्दाम त्या जुन्या वाटेनं जातात.

जॉन स्टाइनबेक नावाचे मोठे लेखक १९६० साली असेच घरवजा गाडी घेऊन देश पाहायला निघाले होते, आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. सोबतीला कोण, तर चार्ली नावाचा कुत्रा! बायको घरी. वाटेत कुठे कुठे ती येऊन भेटली इतकंच. पुरुषांच्या प्रवासाची ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा म्हणजे बायकोला न्यायचं, पण तिच्यासोबत स्वयंपाकघरही न्यायचं.

काकांचा बेत दुसऱ्या तऱ्हेचा होता. एक जुनी व्हॅन घ्यायची, मागची सीट काढून फळी टाकायची, गॅसची शेगडी बसवायची. "बाहेरचं खाणं आपल्याला मानवत नाही. तू गरम गरम पोळ्या टाकशील, झाडाखाली बसून जेवू." काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अहो, मंग मी कधी रिटायर होऊ?"

मला हा प्रश्न फार आवडला. चाळीस वर्षं ज्या बाईनं दोन वेळचा स्वयंपाक केला, तिला निवृत्तीचं पत्र कुणीच देत नाही. ती सहलीला जाते तेव्हाही पीठ बांधून नेते. नवऱ्याला नवं गाव दिसतं आणि तिला त्या गावात कोथिंबीर कुठे मिळते ते दिसतं. शिवाय घरगुती सिलिंडर गाडीत घालून त्यावर रांधणं धोक्याचं, ते वेगळंच. तेव्हा शेगडी घरीच ठेवायची, ही पहिली अट. काकूंनी ती घातली, काकांनी कुरकुरत मानली, आणि व्हॅनऐवजी एस. टी. ठरली.

एस. टी.चं आता आपल्याला परवडतं. ६५ ते ७५ वयाच्या मंडळींना अर्धं तिकीट आहे. ७५ च्या पुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात प्रवास मोफत आहे. आणि १७ मार्च २०२३ पासून बाईला वय न विचारता अर्धं तिकीट. म्हणजे दोघं मिळून एका तिकिटात! लांबचे पल्ले रोज मारायचे असतील तर १९८८ पासून चालत आलेली 'आवडेल तेथे प्रवास' योजना आहे, चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. तुमच्या बेताला काय स्वस्त पडतं, ते आगारात विचारून कागदावर मांडून बघा. हा हिशेब तुम्हीच करा. पैसे दोघांच्या पाकिटांत विभागून ठेवा, म्हणजे पेरूच्या फोडीसाठी हात पुढे करावा लागत नाही.

काकूंची दुसरी अट, दिवसातून दोन-अडीच तासांच्या वर बसायचं नाही. ही अट शहाणपणाची आहे आणि तिचं कारण आपण चारचौघांत बोलत नाही. स्टँडवरच्या बायकांच्या संडासाच्या धास्तीनं आपण सकाळपासून पाणी पीत नाही, मग उन्हाळी लागते, चक्कर येते, आणि "तुला प्रवास झेपत नाही" असा शिक्का बसतो. पल्ला लहान ठेवला, निघताना आणि उतरल्यावर चांगली सोय पाहिली, की पाणी पोटभर पिता येतं. मोठ्या देवस्थानांत आणि मुक्कामाच्या लॉजवर सोय बरी असते. लाज न धरता आधी तेच विचारावं.

दोघं मार्गशीर्षात निघाली. आपल्या वऱ्हाडात फिरायचं तर दिवाळीपासून माघापर्यंतच, पुढे ऊन डोकं वर काढू देत नाही. पहिला टप्पा अंजनगाव सुर्जी. पानमळ्यांचं आणि पानपिंपळीचं गाव. १५ डिसेंबर १८०३ ला आपला गाविलगड इंग्रजांनी घेतला आणि ३० डिसेंबरला इथेच शिंद्यांनी तह केला. जन्मभर ह्या गावावरून ये-जा करून काका तिथे कधी उतरले नव्हते! गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगावही ह्याच तालुक्यात. मग अकोट, आणि तिथून शेगाव. शेगावला दोन मुक्काम करा. भक्तनिवास आहे, महाप्रसाद आहे, स्वच्छता वाखाणण्यासारखी. गुरुवार मात्र टाळा. काकू म्हणाल्या, "बाप्पा, बसल्या जागी ताट समोर आलं, डोळ्यात पाणीच आलं माह्या."

पुढे खामगाववरून मेहकर. तिथल्या शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती १८८८ साली जमिनीत सापडली. मूर्तीपुढे उभं राहिलं की मान वर करून पाहावं लागतं. मेहकरहून लोणार जवळच. उल्का पडून झालेला तो खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेच हे सरोवर. गुडघे दुखत असतील तर खाली उतरायचा हट्ट नको. काठावरून सगळं दिसतं, आणि दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ तर गावातच आहे. काका एकटे उतरले. काकू वर बसून शेंगा खात राहिल्या, आणि तो तास त्यांना सगळ्यात गोड वाटला.

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, पण तिथे दोघांना सर्दी झाली आणि काढा पिण्यातच दिवस गेला. नंतर कारंजा, नरसिंह सरस्वतींचं जन्मगाव. मेहकर, कारंजा ही गावं आता समृद्धी महामार्गावरून जाणाऱ्याला नुसती पाटीवर वाचायला मिळतात. त्या अमेरिकन रस्त्याचं सांगितलं ते ह्यासाठीच. लवकर पोचायचं असलेल्यांनी महामार्गानं जावं, निवृत्तांना कुठे पोचायचं असतं?

शेवटी मूर्तिजापूर आणि दर्यापूर. काकूंचं माहेर दर्यापूरचं. १९८३ साली लग्न होऊन त्या शकुंतलेनं अचलपूरला आल्या. ती अरुंद रुळांची गाडी, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालायची. आता ती बंद आहे. स्टेशनावर दोघं अर्धा तास बसून होती. काय बोलली ते काकूंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता ज्या घरात अशी दोघं आहेत, त्या घरच्या सुनांशी थोडं. सासूबाई नऊ-दहा दिवस नसल्या की आपलं घड्याळ कोलमडतं. मी अर्धवेळ शिकवते ते सासूबाईंच्या जिवावरच, तेव्हा मला हे पुरतं ठाऊक आहे. तरी "पिंटूच्या परीक्षा होऊ द्या", "लग्नसराई जाऊ द्या" असं म्हणत वर्ष ढकलू नका. गुडघे थांबत नाहीत, आणि दोघांतलं एक माणूस मागे राहिलं की मग कोण कुणासोबत फिरणार? शेजारणीशी बोलून ठेवा, शाळेतून मुलाला कुणी आणायचं ते ठरवा. आणि दर तासाला फोन करून "मीठ कुठे ठेवलंय?" विचारू नका. रात्री एकदा पुरे.

सामान एकच पिशवी, प्रत्येकाची आपली, स्वतःला उचलता येईल एवढीच. रक्तदाबाच्या गोळ्या दोन भागांत करून दोन्ही पिशव्यांत ठेवाव्या. साखरेचा त्रास असणाऱ्यांनी बिस्किटं हाताशी ठेवावी. आधार कार्ड, बॅटरी, लहान कुलूप, एक चादर, कपडे वाळवायला नायलॉनची दोरी. खायला पहिल्या दिवसापुरत्या दशम्या आणि जवसाची चटणी, पुढचं वाटेवर मिळतं.

घरी मागे कुणी नसेल तर निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, फ्रीज रिकामा करून पुसून ठेवा, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला तारखा लिहून द्या, आणि तुळशीला पाणी घालायला शेजारच्या मुलीला सांगून किल्ली तिच्या आईकडे ठेवा.