स्वस्त गोळीमागचा कायदा

कळमनुरीकडचे एक आजोबा महागाईपायी रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेत असत. असे कदापि करू नये. औषध परवडत नसल्यास डॉक्टरांना निःसंकोच सांगावे; जनऔषधी केंद्रात तेच घटकद्रव्य, त्याच मात्रेत, स्वस्तात मिळू शकते.

मात्र नवी औषधे पुढे स्वस्त होणे कायद्यावर अवलंबून असते. गुणकारिता न वाढवता जुन्या औषधात केलेल्या फेरफाराला पेटंट कायद्याचे कलम ३(ड) नवे पेटंट नाकारते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरील ‘ग्लिवेक’ला याच आधारे पेटंट नाकारले. अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी कार्यालय आपल्या वार्षिक अहवालांतून या कलमावर बोट ठेवत आले आहे.

म्हणून व्यापार-कराराची बातमी औषधाच्या चिठ्ठीशेजारी ठेवून वाचावी.