टाचणवही भरली, पण मूल शिकले का?

आमच्या वस्तीतली एक मुलगी घाटकोपरहून रोज बी.एड.ला जाते. परवा तिच्या घरी गेलो, तर खोलीभर कार्डशीट पसरलेली. आई धुणीभांडी आटोपून आलेली, तरी लेकीला तक्ते रंगवू लागत होती.

आम्ही विचारले, "पोरी, तुझ्या पाठातून मुलांना काय आले, हे कोणी तपासते का?"

ती म्हणाली, "काका, सर पाठ बघतात, टाचणवहीवर सही करतात, गुण देतात. मुलांना कोण विचारतो?"

वाचकहो, आम्ही पडलो कारकून. वहीत बेरीज जुळली म्हणून गल्ल्यात रोकड असतेच असे नाही, हे आम्ही जाणतो.

महाराष्ट्रातल्या डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली न्या. वर्मा आयोग नेमला. त्याच्या २०१२ च्या अहवालानंतर नियम बदलले. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि किमान २० आठवडे शाळेत काढणे आले. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आता 'अध्ययन निष्पत्ती' लिहितात. म्हणजे शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता आले पाहिजे ते. 'नॅक'ही महाविद्यालयाकडे त्याचा पुरावा मागते. पण पुरावा म्हणून पुन्हा गुणपत्रिकाच पुढे केली, तर काय साधले? शिक्षक पात्रता परीक्षेचे १५० गुणही पर्याय निवडूनच मिळवायचे. वर्ग सांभाळता येतो की नाही, हे त्यातून कसे कळावे?

खरे माप सोपे आहे. पाठाआधी मुलांना पाच प्रश्न तोंडी विचारावेत, आठवड्याने तेच पुन्हा विचारावेत. कोणाला आले नाही आणि का, हे टाचणवहीत लिहावे. पुढचा पाठ त्याप्रमाणे बदलला का, यावर गुण द्यावेत.

त्या मुलीने हे करून पाहिले. सहावीच्या वर्गात विचारले, एक छेद तीन मोठा की एक छेद चार? बरीच मुले म्हणाली, चार मोठा, म्हणून एक छेद चार! तिने भाकरीचे तुकडे करून पाठ पुन्हा घेतला. आम्हाला म्हणाली, "काका, पहिल्या पाठाला मला चांगले गुण होते."

बंधुभगिनींनो, हे सराव पाठ बहुधा आपल्याच मुलांच्या वर्गांत होतात. फी आपण भरतो, वर्गही आपल्याच लेकरांचा. मग हिशेब मागायचा कोणी?