स्विच कोणाच्या मालकीचा?

एकाच यजमान संगणकावर चालणारी दोन आभासी यंत्रे एकमेकांशी बोलतात, तेव्हा ते बोलणे सहसा बाहेरच्या तारेवर येतच नाही. यजमानाच्या स्मृतीतील आभासी स्विचमधून परस्पर पार पडते. तारेवर पाळत ठेवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ही वाहतूक टिपण्याचे साधन काही दुर्मिळ नाही. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास लिहिले गेलेले ‘टीसीपीडम्प’ आजही फुकट मिळते. प्रश्न आहे तो स्विचच्या मालकीचा.

भाडेकरूला आपल्या यंत्रात बसून आपले बोलणे टिपता येते, हे खरे. पण घुसखोर ज्या यंत्रात शिरला, त्यालाच पंचनामा लिहावयास सांगण्यात अर्थ काय? नोंद यंत्राबाहेर, स्विचपाशीच व्हावयास हवी. ॲमेझॉनची भाड्याची यंत्रे २००६ पासून चालू आहेत. तेथे स्वतःच्या वाहतुकीची अशी प्रत घेण्याची सोय भाडेकरूला मिळाली ती २०१९ मध्ये, आणि तीही तासाच्या भाड्याने. आपल्याच बोलण्याचे भाडे!

लोकांची दप्तरे भाड्याच्या यंत्रांवर नेणाऱ्या सरकारांनी हा हक्क करारातच लिहून घेतला पाहिजे. ती प्रत कोणी पाहावी, किती दिवस ठेवावी, हेही त्यात यावे. आणि चोरासाठी घेतलेली प्रत कारकुनांवरच्या पाळतीसाठी वापरली जाणार नाही, अशी स्पष्ट अट.