माशाला नवा पर फुटताना

माशाच्या अंगावरच्या पातळ, पंख्यासारख्या अवयवांना मराठीत 'पर' म्हणतात आणि कन्नडमध्ये 'रेक्के'. रेक्के म्हणजे पंखच. शेपटीचा पर माशाला पुढे ढकलतो, पाठीवरचा तोल सांभाळतो आणि छातीजवळचे पर वळायला, थांबायला मदत करतात. त्यामुळे घरच्या काचेच्या टाकीतल्या माशाचा पर फाटला तर बिघडते ते केवळ त्याचे रूप नव्हे. खाण्यापर्यंत पोहोचणेसुद्धा त्याला जड जाते.

आमचे मंचेरियल गोदावरीकाठचे. 2016 साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्यांतला एक आमचा. कोळशाच्या खाणींमुळे इथे चहूकडची माणसे आली. आमच्या घरी मराठी माझी, कन्नड यजमानांची आणि दाराबाहेर तेलुगू. मुलीला मात्र या तिन्हींपेक्षा माशांची भाषा जास्त कळते असे तिचे म्हणणे! गेल्या मे महिन्यात तिच्या वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांनी कौतुकाने दोन टायगर बार्ब आणून दिले. आठवडाभरात तिच्या गोल्डफिशची शेपटी निम्म्याहून अधिक कुरतडली गेली. पाठीवरच्या परालाही खाच पडली. मासा टाकीच्या कोपऱ्यात तळाशी बसून राहू लागला.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. माझ्या सासूबाई टाकीपाशी बसून "पाप, पाप" म्हणत हळहळल्या आणि मग म्हणाल्या, "अरिशिन हच्चु." हळद लाव! शेजारच्या काकांनी कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायला सांगितले. आणखी एकाने तर "जगायचा नाही हो, गोदावरीत सोडून द्या" असा निकालच दिला. मुलगी मात्र एकच विचारत होती, "आई, शेपूट परत येईल का?"

मी शिकवते इतिहास. म्हणून महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना गाठले. ते म्हणाले, "पर मुळापासून गेला नसेल तर बहुधा येईल. पण तो मासा आणील, तुम्ही नाही. तुम्ही फक्त पाणी सांभाळा."

हे वाक्य मला फार मोलाचे वाटले. जखम झाल्यावर सुमारे एका दिवसात कातडीच्या पेशी सरकून ती झाकून टाकतात. पुढच्या काही दिवसांत तिथे नव्या पेशींचा एक लहानसा पुंजका जमतो आणि त्यातून पराच्या बारीक काड्या, त्यांच्यामधला पडदा, रक्तवाहिन्या असे सगळे पुन्हा घडते. फ्रान्सच्या ब्रूसोने या अभ्यासकाने 1786 सालीच माशांचे कापलेले पर पुन्हा वाढतात याची नोंद केली होती. आपल्या देशातल्या ओढ्यांत, शेतांच्या पाण्यात सापडणारा पट्टेरी झेब्रा मासा तर यात जगप्रसिद्ध आहे. 28 अंशांच्या पाण्यात त्याची कापलेली शेपटी साधारण दोन आठवड्यांत भरून येते. 2002 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की त्याच्या हृदयाचा कापलेला भागही दोन महिन्यांत पुन्हा तयार होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर काम चालते. गोल्डफिशला मात्र अधिक आठवडे द्यावे लागतात.

मग आम्ही काय केले? पहिले म्हणजे भांडण सोडवले. गोल्डफिशला वीस लिटरच्या प्लॅस्टिकच्या टबात वेगळे ठेवले. टबात हवेचा पंप आणि टाकीच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा सोडला. स्पंज जुनाच का? मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो विषारी असतो आणि परांच्या कडा जाळतो. जुन्या स्पंजमध्ये वाढलेले उपयोगी जिवाणू त्या अमोनियाचे रूपांतर कमी अपायकारक नायट्रेटमध्ये करतात. म्हणूनच स्पंज कधी नळाखाली धुवू नये. नळाच्या क्लोरीनने हे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा.

दुसरे काम पाणी बदलण्याचे. एक दिवसाआड टबातले पाव भाग पाणी काढायचे आणि तेवढेच घालायचे. हे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेले, म्हणजे क्लोरीन उडून जातो आणि उष्णताही टबाइतकीच राहते. वीस लिटरला वीस ग्रॅम साधे खडेमीठ विरघळवून घातले. यात एक लक्षात ठेवायचे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. नुसते आटलेले पाणी भरून काढताना पुन्हा मीठ घालायचे नाही. जेवढे पाणी काढून बदलले तेवढ्यापुरतेच घालायचे. टाकीत वनस्पती किंवा मांगूरच्या जातीचे मासे असतील तर मीठ जपूनच, त्यांना ते फारसे सोसत नाही.

तिसरी अडचण आमच्या उन्हाळ्याची. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांपर्यंत जातो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. म्हणून टब घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवला, भोवती ओले फडके गुंडाळले, बॅटरीवर चालणारा पंप तयार ठेवला. बर्फ टाकला नाही, कारण उष्णतेचा एकदम झालेला बदल माशाला अधिक बाधतो. खाणे दिवसातून दोनदा, चिमूटभर. उरलेले लगेच काढून टाकायचे.

हळद आणि कॅप्सूल दोन्ही टाळली. हळदीने पाणी गढूळ होते. माणसांचे प्रतिजैविक अंदाजाने पाण्यात टाकले तर उपयोगी जिवाणू मरतात आणि चिवट रोगजंतू तेवढे उरतात. सासूबाईंना मी हे कन्नडमध्ये समजावले. त्या म्हणाल्या, "मग मी करू तरी काय?" आदल्या दिवशी बादली भरून ठेवण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले आणि एकही दिवस चुकवले नाही.

पाचव्या दिवशी शेपटीच्या कडेला पांढरी रेघ दिसली आणि मुलगी रडायलाच लागली. सरांनी ती पाहून सांगितले, की कड गुळगुळीत असेल आणि पर मागे सरकत नसेल तर तो नवा कोंब आहे. कापसासारखे पुंजके दिसले तर ती बुरशी. कड लालसर होऊन रोज थोडी झडू लागली तर पर कुजतो आहे असे समजावे. तेव्हा मात्र जाणकाराला दाखवून योग्य औषध करावे. आमची रेघ कोंबाचीच निघाली. तिसऱ्या आठवड्यात काचेसारखा पारदर्शक पडदा दिसू लागला. रंग त्यात मागाहून भरला. दोन काड्या जरा वाकड्या आल्या, त्या तशाच राहिल्या.

बार्बचाही दोष म्हणता येत नाही. हा मासा कळपात राहणारा. सहा-आठ जण एकत्र असले की आपसांत दंगा करतात. एकदोनच ठेवले तर दुसऱ्यांच्या लांब शेपट्यांमागे लागतात. सरांकडे त्यांचा कळप होता, तिथे ते दोघे गेले.

राहिला नदीचा सल्ला. वाचकहो, टाकीतला मासा, आजारी असो वा नको झालेला, नदीत किंवा तळ्यात कधी सोडू नका. त्याच्याबरोबर त्याचे रोग जातात. तो तगला तर स्थानिक माशांच्या वाट्याचे खातो. टाकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच बाहेर पडून आंध्र आणि तेलंगणातल्या पाण्यांत पसरला आहे. त्याच्या काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात. गोदावरीवर ज्यांचे पोट आहे, त्यांच्या ताटात आपल्या हौसेचा खडा पडू नये.

घरात मुले असतील तर फाटलेला पर त्यांच्या डोळ्यांसमोर भरू द्या. रोज कड पाहून वहीत चित्र काढायला सांगा. पाणी कधी बदलले, खाणे किती घातले हेही लिहू द्या. औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी पाणी पाहायचे आणि कुरतडणारा कोण ते शोधायचे, एवढे त्या वहीतून मुलांना आपोआप कळेल. बादली भरायचे काम मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी एखाद्याला द्या. त्यांच्यासारखी वेळ कोणी पाळत नाही!