परसातील मोटार

जुन्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिरातींत अलीकडे दोन शब्द वरचेवर भेटतात: 'सर्व्हायव्हर' आणि 'रिस्टोरेशन प्रोजेक्ट'. पहिली गाडी कारखान्यातून आली तशीच राहिलेली असते. तिचा रंग मूळचा, गाद्या मूळच्या, केवळ वय झालेले. दुसरी बंद पडलेली, काही भाग हरवलेली, परंतु पैसा आणि चिकाटी असल्यास पुन्हा उभी करता येईल अशी. शब्द परके असले तरी भेद आपल्याला परका नाही. सराफाच्या पेढीवर जुन्या घडणीचा अखंड दागिना आणि तुटकी मोड यांच्याकडे एकाच नजरेने कोणी पाहत नाही.

हा विषय घेण्याचे कारण घराजवळचेच आहे. कडा, आष्टी आणि नगर रस्त्यावरील बाजारपेठांच्या गावांत जुन्या वाड्यांच्या परसात, गोदामाच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आडोशाला एखादी फियाट किंवा अॅम्बॅसडर अजून उभी असते. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली, त्यांच्या पश्चात कोणी न हलवलेली. मग वाटणीचा दिवस येतो. दुकान, प्लॉट, दागिने यांची यादी होते, आणि मोटार मात्र 'भंगार' या सदरात जाते. एखाद्या सकाळी पुण्याहून कोणी येतो, रोख मोजतो आणि गाडी टेम्पोवर चढवून नेतो. पुढे तीच गाडी कोठे किती किमतीला उभी आहे हे कळले म्हणजे भावाभावांत बोलणे होते. गाडी विकू नये असे माझे म्हणणे नाही. मात्र ती काय आहे हे जाणून विकावी.

आपल्या वाचकांना या गाड्यांशी आणखी एक नाते सांगता येईल. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग देशात उभे करण्याचा ध्यास घेतलेला हा पुरुष होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातील गोलमटोल फियाट ११०० ला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. हे नाव ऐकून शेठजींना काय वाटले असते कोण जाणे. त्यांचे निधन १९५३ सालीच झाले. याच फियाटच्या वंशात सत्तरीच्या दशकात प्रीमियर पद्मिनी आली: १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. अॅम्बॅसडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याची, मूळ इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातली. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. त्या काळी किमतीवर सरकारचे नियंत्रण होते आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. घरात मोटार येणे हा पिढीचा प्रसंग असे, तो यामुळे.

आता परीक्षेकडे वळू. आष्टी तालुका पर्जन्यछायेतील. दुष्काळाने आपल्याला पुष्कळ छळले, पण लोखंडावर त्याने एक उपकार केला आहे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, ओलसर हवेत जो पत्रा कुजून जातो तो इकडे कोरड्या गोदामात बराच टिकतो. म्हणून गाडी धुळीने माखलेली दिसली तरी तिला टाकाऊ समजू नये. प्रथम पायपुसणी उचलून तळाचा पत्रा पाहावा, नंतर दारांखालची लांब पट्टी. फियाटला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नसतो. तळ, पट्ट्या आणि अंग मिळूनच तिचा कणा होतो. त्यामुळे ही पट्टी सडली असेल तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, दुखणे हाडाचे आहे. पुट्टी भरून झाकलेली जागा शोधायला साधा लोहचुंबक पुरतो: पत्र्यावर तो चिकटतो, जाड पुट्टीवर घसरतो.

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी किल्ली फिरवून सुरू करण्याचा मोह मात्र आवरावा. टाकीतील जुन्या पेट्रोलचा चिकट गाळ झालेला असतो, ब्रेकची रबरे कडक झालेली असतात, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात. जाणता मिस्त्री आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडतो, ते मुरू देतो आणि मग इंजिन हातानेच हळूहळू फिरवून पाहतो.

विकण्यापूर्वी गाडीला नवा रंग देण्याची आपल्याकडे फार हौस आहे. घर विकताना चुना मारावा तसा हा प्रकार. येथे ती हौस नुकसान करते. मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही, आणि जाणकार ग्राहक त्याच मूळपणाचे पैसे मोजतो. नव्या रंगाखाली काय झाकले असेल या शंकेने तो उलट भाव पाडतो. फिकट पडलेला रंग, वापराने गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, काचेवरचे जुने परवान्याचे कागद, डिकीतील जॅक आणि हँडल, माहितीपुस्तिका, दुसरी किल्ली यांपैकी काहीही टाकू नये. नुसती धूळ पुसावी आणि फोटो काढावेत.

मोडकी गाडी घेऊन ती नव्याने उभी करण्याचे मनात असेल तर हिशेब वेगळा. इंजिनाचे भाग अजून मिळतात. कुर्ल्याच्या भंगारबाजारात फिरणाऱ्याला पद्मिनीचे पुष्कळ काही हाती लागते. जीव खातात त्या किरकोळ वस्तू: दाराची रबरे, क्रोमच्या पट्ट्या, दिव्याची मूळ काच, डॅशबोर्डचे बटण. पत्र्याचे काम उघडल्याशिवाय त्याचा खर्च कोणीही खरा सांगू शकत नाही. माझे मत रोखठोक आहे: नफ्यासाठी हे काम काढू नये. स्वतः पाने हातात धरणारा एखादा नातू घरात असेल आणि तीन-चार दिवाळ्या वाट पाहण्याची तयारी असेल तरच गाडी खोलावी. अर्धवट खोलून पोत्यात भरलेल्या गाडीला बंद पण अखंड गाडीपेक्षा कमीच किंमत येते.

शेवटी कागद; आणि व्यवहार बहुधा येथेच अडतो. नोंदणीपुस्तक आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली. नियमानुसार मालकाच्या मृत्यूची माहिती ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करायची असते. विलंब झाला असला तरी विक्रीपूर्वी हे पुरे करून घ्यावे आणि इतर वारसांची संमती लेखी घ्यावी. चेसिस व इंजिनवरील क्रमांक पुस्तकातील क्रमांकांशी ताडून पाहावेत. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद नसेल तर ते ग्राहकाला आधीच सांगावे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण होते. ते केव्हापासून राहिले आहे हेही पाहावे.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियम केले. त्यांना 'व्हीए' अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. मुदत संपल्यावर पुन्हा नोंदणीस ५,००० रुपये. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला नाही. तेव्हा गाडी सजवून लग्नाच्या वरातीला भाड्याने देण्याचा बेत कोणी मनात धरला असेल, तर तो या क्रमांकावर जमणार नाही.