बोगद्यापाशी परत फिरायची मुभा

"एवढी ताकद उरली होती, तर सांगलीलाच परत जायचं होतंस!"

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून घरी आले, मेडल दारामागच्या खुंटीला अडकवलं, चहाचा पहिला घोट घेतला आणि मोठ्या मावशीनं हे ऐकवलं. साल २०१९. गणपती तोंडावर आलेले, घरात मखराचं थर्माकोल आणि आराशीचं सामान पसरलेलं. त्याआधीचे सलग सहा दिवस मी बँकेतून रजा काढून सांगलीला होते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. आमचा मदतीचा गट गेला तो पाणी उतरल्यावर. गाळ उपसणं, ब्लिचिंग पावडर टाकणं, मदतीचे किट बांधणं, गल्लीवार याद्या करणं, आणि राज्यभरातून आलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून घालण्याजोगं काही निघतंय का ते बघणं. (त्या ढिगात जरीच्या शेरवान्या निघाल्या आणि एक पाय नसलेली पँट. दान आणि अडगळ यांतला फरक आपल्याकडे पावसाळ्यातच कळतो.) शनिवारी संध्याकाळी साताऱ्यात परतले आणि रविवारी सकाळी पळाले.

मावशीचा मुद्दा वरवर बिनतोड आहे. पळणं ही हौस, पूरग्रस्तांची मदत हे पुण्य. शिल्लक ताकद हौशीवर उधळणं म्हणजे पुण्याच्या खात्यातून केलेली उचल. यावर आमचे धावणारे मित्र एक ठेवणीतलं उत्तर देतात: "आम्ही चॅरिटीसाठी पळतो." मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तेव्हापासून तिच्याभोवती संस्थांसाठी निधी उभा राहतो आणि तो पैसा खरोखर कामी येतो. पण हे उत्तर मला घ्यायचं नाही. माझ्या बिबवर, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या पट्टीवर, कुठल्याही संस्थेचं नाव नव्हतं. मी पळते कारण मला पळायला आवडतं, आणि आवडीच्या गोष्टीला परोपकाराचा दाखला जोडावा लागत असेल तर तो दाखला मागणाऱ्यानंच आधी दाखवावा. मावशीही गेली तीस वर्षं भिशीच्या बायकांबरोबर अष्टविनायक करते. तो खर्च तिनं कधी पूरनिधीत वळता केलेला नाही.

शिवाय ताकद म्हणजे पिंपातलं पाणी नव्हे की इकडचा तांब्या तिकडे ओतला. सातव्या दिवशी सांगलीत माझा काही उपयोग झाला नसता. उपद्रव झाला असता. हे मी तर्कानं म्हणत नाही, चौथ्या दिवशी मी काय केलं ते आठवून म्हणते. त्याकडे येतेच.

त्याआधी दुसरी बाजू. ती माझ्या बाजूची असल्यासारखी दिसते, म्हणून अधिक धोक्याची. आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एकानं पाठीवर थाप मारली: "मानलं तुला! सहा दिवस राबून वर घाट चढलीस. थकवा फक्त डोक्यात असतो, मनात आणलं की सगळं होतं." दुसऱ्यानं त्यावर फिडिपिडीसचं नाव घेतलं. मॅरेथॉनच्या मैदानातून अथेन्सपर्यंत धावत आला, विजयाची बातमी दिली आणि कोसळून मेला, तो. 

आता या फिडिपिडीसचंच बघा. इसवी सनपूर्व ४९० च्या त्या लढाईचा आपल्याला उपलब्ध असलेला सर्वांत जवळचा वृत्तान्त हिरोडोटसचा. त्यात हा धावपटू आहे, पण तो अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला जातो. अंतर सुमारे २४० किलोमीटर. तिथे तो पोचतो, निरोप देतो. बातमी सांगून प्राण सोडण्याचा प्रसंग हिरोडोटसकडे नाहीच. तो लढाईनंतर काही शतकांनी झालेल्या लेखकांकडे आढळतो. म्हणजे काम नीट करून जिवंत राहिलेला निरोप्या लोकांना पुरला नाही, त्याला मारावं लागलं. मग कुठे गोष्ट रंगली.

आणि "थकवा डोक्यात असतो" हे तर अर्धं खरं आहे, त्यामुळे पूर्ण फसवं. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना एकदा दीड तास संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं, आणि दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ आगगाड्या आणि मोटारींवरचे माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर त्यांनी दमछाक होईपर्यंत सायकल मारली. माहितीपट पाहून सरासरी ७५४ सेकंद, डोकं शिणल्यावर ६४०. हृदय आणि स्नायू यांची कुवत घटलेली दिसली नाही. वाढली होती ती श्रमाची जाणीव. तोच चढ, पण जास्त उभा वाटणारा. तेव्हा थकवा डोक्यात असतो हे कबूल. पण डोकं खांद्यावरच असतं, घरी ठेवून पळता येत नाही. सहा दिवसांत मी पोती फार उचलली नव्हती. ती कामं आमच्यातली पोरं करत होती. माझ्याकडे याद्या होत्या: कोणाचं घर किती पाण्यात होतं, कोणाला किट मिळालं, कोण दोनदा रांगेत आलं, आणि त्याला नाही कसं म्हणायचं. दमवलं ते या नाही म्हणण्यानं.

तर चौथा दिवस. नदीकडच्या एका वस्तीत समांतर दोन गल्ल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमारास मी एका गल्लीला दुसऱ्यांदा किट वाटले आणि पलीकडच्या गल्लीच्या नावांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. टेम्पो रिकामा झाला तेव्हा पलीकडच्या बाया दारात उभ्या. आरडाओरडा झाला, तो रास्तच होता. मी यादी पुढे करून "तुम्हाला मिळालंय" असं त्यांनाच ठासून सांगत होते. शेवटी भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ असलेल्या घरातून एक आजी बाहेर आल्या, यादीकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पोरी, सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाई? तोंड बघ कसं झालंया." ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांनी मला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. किट दुसऱ्या दिवशी आले. तोवर त्या गल्लीनं एक रात्र कोरड्या चादरीविना काढली, ती माझ्या टिकमार्कमुळे.

माझा खरा वाद इथे सुरू होतो. रविवारी पळू नकोस असं मला म्हणणारे पाच जण भेटले. डॉक्टर मैत्रिणीनं तर शनिवारी संध्याकाळी फोन करून बजावलं: झोप अपुरी, जेवण वेळी-अवेळी, गाळात वावर, ताप किंवा अंगदुखी असेल तर पाऊलही टाकू नकोस. ती शंभर टक्के बरोबर होती. पण चौथ्या दिवशी, दुपारी तीन वाजता, "तू दमली आहेस, यादी खाली ठेव" असं एकाही माणसानं म्हटलं नाही. उलट आमच्या खोलीत रात्री स्पर्धा चाले: कोण किती कमी झोपलं. "मी काल तीन तास." "मी तर टेम्पोतच." थकवा ही तिथे मिरवायची पदवी होती. पळण्याच्या जगात असं बोलणाऱ्याला कोणीही अनुभवी रनर वेड्यात काढेल. तिथे शर्यतीआधी आठवडा-दोन आठवडे अंतर कमी करतात, त्याला टेपर म्हणतात. विश्रांतीचा दिवस वेळापत्रकात छापलेला असतो. दर काही किलोमीटरवर पाणी. ज्या हौशीला मावशी चैन म्हणते, ती हौस माणसाच्या शरीराशी सेवेपेक्षा जास्त सभ्यपणे वागते.

"सेवा ही सेवा, तिथे कसली पाळी आणि कसली सुट्टी? ही आपली संस्कृती नाही," असं एक ज्येष्ठ कार्यकर्ते मला म्हणाले. संस्कृतीचंच म्हणाल तर वारी बघावी. आळंदीहून निघालेली पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालते, आणि त्या वाटेवर दुपारचा विसावा ही ठरलेली गोष्ट आहे, अमुक गावी, अमुक जागी. पुण्यात आणि सासवडला तर दोन-दोन रात्री मुक्काम. विठ्ठलाच्या ओढीनं निघालेली लाखो माणसं थांबायच्या जागी थांबतात. आणि परदेशी दाखला हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेनं इतर संस्थांबरोबर २०११ साली संकटकाळातल्या मानसिक प्रथमोपचारांची एक पुस्तिका काढली, तिच्यात मदत करणाऱ्यांनी स्वतःला कसं सांभाळावं यावर वेगळं प्रकरणच आहे: कामाचे तास मर्यादेत ठेवा, पाळ्या लावा, नियमित विश्रांती घ्या.

एक आक्षेप मात्र मी मान्य करते. पाणी चढत असताना विसाव्याची भाषा करणारा माणूस माझ्याही कामाचा नाही. त्याच ऑगस्टच्या ८ तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांनी भरलेली नाव उलटली आणि अनेकांचा जीव गेला. त्या दिवसांत नावेवर, दोरीवर असणाऱ्यांनी घड्याळ बघितलं नाही, बघायचंही नव्हतं. पण आम्ही गेलो ते दोन-अडीच आठवड्यांनी. तेव्हा चादर आज मिळते की उद्या, हा प्रश्न होता. ते काम महिनोन्‌महिने चालणार होतं, आणि आम्ही ते पहिल्या रात्रीच्या घाईनं करत होतो.

मग मी रविवारी पळाले ते बरोबर होतं का? होय, पण थाप मारणाऱ्या मित्राला वाटतं त्या कारणासाठी नव्हे. शनिवारी आठला झोपले. सकाळी अंथरुणातच नाडी मोजली. नेहमीपेक्षा चार ठोके जास्त होती, दहा असती तर उठलेच नसते. ताप नाही, पायाला जखम नाही. घड्याळ घरी ठेवलं. आणि स्वतःशी एक करार केला: समर्थ मंदिर ओलांडून बोगद्यापाशी पोचले की थांबून विचारायचं. चढ तिथूनच खऱ्या अर्थानं सुरू होतो. शरीरानं नाही म्हटलं तर उतारानं घरी, मेडल नाही, खंतही नाही. त्या सहा दिवसांत मला न मिळालेली गोष्ट हीच होती, परत फिरायची मुभा. 

बोगद्यापाशी थंडगार ओल होती. थांबले, विचारलं. उत्तर आलं: पळू नकोस, चाल. यवतेश्वरचा घाट बहुतेक चालतच चढले. धुकं होतं, रस्त्याकडेला तेरड्याचे गुलाबी पट्टे, आणि माझ्या पुढून माझ्या वडिलांच्या वयाचे लोक पळत जात होते. मागच्या वर्षी अशा वेळी मी दात-ओठ खाल्ले असते. एका टेबलावर मुलगा पाण्याचा दुसरा, तिसरा ग्लास आग्रहानं पुढे करत राहिला. त्याला काय ठाऊक, हळू जाणाऱ्यानं तहानेपलीकडे पाणी पीत राहणंही धोक्याचं असतं, रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात ते कमी निघालं होतं. मी एकच ग्लास घेतला. पण त्याच्या शेजारच्या मुलीची ग्लास धरण्याची रीत बघून थबकले. मुलगा ग्लास घट्ट मुठीत धरत होता, घेणाऱ्याची बोटं त्याच्या बोटांत अडकत, निम्मं पाणी सांडे. तिनं उघड्या तळव्यावर ग्लास नुसता ठेवलेला होता. ज्याला हवा त्यानं उचलावा. सहा दिवस मी किट मुठीत धरून वाटले होते, नाव विचारून, सही घेऊन, फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघायला सांगून.

उतारावर थोडी पळाले. नेहमीपेक्षा ४० मिनिटं जास्त लागली. २१ किलोमीटर म्हणजे २१ किलोमीटर, दर किलोमीटरला पाटी; मदतकार्यात तशी पाटी नसते, आणि माणूस कोसळतो तो बहुधा अंतरानं नव्हे, अंतर न कळल्यानं. पाटी आपणच लावायला लागते.

गौरी-गणपती उरकून आमचा गट पुन्हा सांगलीला गेला तेव्हा मी वहीच्या पानावर तक्ता आखून नेला. सहा-सहा तासांच्या पाळ्या, दर तीन दिवसांनी एक दिवस सुट्टी, आणि दुपारी तीनला याद्यांचं काम ताज्या माणसाकडे. तेच ज्येष्ठ कार्यकर्ते तक्ता बघून हसले. "सहलीला आलात का?" म्हणाले. मी म्हटलं, सहलीला आलो असतो तर दमून गेलो असतो. 

पहिल्या बुधवारी माझ्याच नावापुढे सुट्टी होती. खोलीवर पडून राहिले. दुपारी फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही, आणि दोन्ही वेळा पोटात गोळा आला, तो काही गेला नाही. गुरुवारी वस्तीत गेले. नदीकडच्या दोन्ही गल्ल्यांची यादी वीस-बावीस वर्षांच्या एका मुलीनं लावली होती, घर क्रमांकानुसार, दोन रंगांच्या पेनांनी. माझ्यापेक्षा नीट. आजींच्या नावापुढे तिनं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: डाळ नको, तांदूळ जास्त.