गाडी बुटकी करू नये!

माझी उंची ५ फूट ४ इंच. तरी सांगतो, पाय पुरत नाहीत म्हणून मोटारसायकल बुटकी करू नये. इथे अमेरिकेत मी जुनी कावासाकी निन्जा २५० घेतली. आधीच्या मालकाने मागच्या सस्पेन्शनला लांब लिंका टाकून ती खाली बसवलेली. सिग्नलला दोन्ही पाय टेकायचे, स्वारी खूश!

पण साइड स्टँड मूळ लांबीचाच. गाडी जवळपास सरळ उभी राहायची. एकदा वाऱ्याने उजवीकडे आडवी झाली, आरसा गेला. शिवाय नुसतं मागून उतरवल्याने पुढचा फोर्क जास्त तिरका, वळवायला जड.

आपल्याकडे डबलसीटसाठी पान्याने शॉकॲब्सॉर्बर कडक करतात, तसंही करून पाहिलं. थोडी उचलली, पुरेशी नाही. शेवटी मूळ लिंकाच बसवल्या आणि सीटचा फोम तासून घेतला. आता सिग्नलला डावा पाय टेकतो, उजवा ब्रेकवर.